शार्क दिसला की मागे लागू नका: नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीपला डाइव्ह करणाऱ्यांसाठी

स्कूबा शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला घरून निघताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: तिथे शार्क असतात का? असतात. नशीब बरं असेल तर दिसतातही, आणि दिसले की बहुतेक वेळा आपल्याआधी तेच निघून जातात. फ्लोरिडा विद्यापीठात शार्कच्या हल्ल्यांची जागतिक नोंदवही ठेवली जाते. तिच्यात २०२४ सालासाठी, कुणी न डिवचता शार्क चावल्याच्या जगभरातल्या ४७ घटना आहेत. त्यांत चौघांचा जीव गेला. यांतले बहुतेक जण किनाऱ्यालगत पोहणारे किंवा लाटांवर फळी घेऊन खेळणारे. सिलिंडर पाठीवर लावून पाण्याखाली गेलेला माणूस या यादीत क्वचितच सापडतो.

आपल्याकडची सगळ्यांना आठवते ती घटना फेब्रुवारी २०२४ ची. पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे पकडायला गेलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. ती खाडी गढूळ. अशा पाण्यात पाय कुणाचा आणि मासा कुठला हे शार्कला कळत नाही, आणि आपल्यालाही तो दिसत नाही. प्रवाळावरची डाइव्ह ही अगदी निराळी गोष्ट आहे. तिथे दोघंही एकमेकांना पाहत असतात.

खरा गोंधळ होतो तो भीतीमुळे कमी आणि हौसेमुळे जास्त. शार्क दिसला की काही जण कॅमेरा पुढे धरून त्याच्यामागे सुटतात. खोली वाढते, हवा संपत जाते, बडी म्हणजे डाइव्हमधला जोडीदार मागे राहतो, आणि शार्क तर केव्हाच निळ्या पाण्यात विरून गेलेला असतो. या लेखातल्या बहुतेक सूचना त्या हौसेला लगाम घालण्यासाठी आहेत. गंमत अशी, की तोच लगाम शार्क जवळून दिसण्यासाठीही कामी येतो.

कुठे काय दिसेल

मालवणपासून सुरुवात करू, कारण आपल्यापैकी अनेकांची पहिली डाइव्ह तिथलीच असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर होणारी डाइव्ह उथळ असते, पाणी बरेचदा धूसर असतं, आणि तिथे रंगीत मासे, प्रवाळ, कधी एखादी मोठी हेकरू दिसली की पैसे वसूल. शार्क दिसेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. मालवणात मोरी, म्हणजे लहान शार्क, पाण्यापेक्षा बाजारात जास्त दिसते. शार्क बघायचा हट्ट धरणारेच दुपारी खानावळीत मोरीचं मटण मागवतात, हा भाग वेगळा.

रस्त्याने जाता येईल असं पुढचं ठिकाण म्हणजे कर्नाटकातलं नेत्राणी बेट. मुरुडेश्वरहून बोटीने साधारण दीड तास लागतो. हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. पाणी मालवणपेक्षा बरंच स्वच्छ. इथे काळ्या टोकाचे रीफ शार्क (रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक) आणि खडकांच्या फटींत पडून राहणारे बांबू शार्क दिसतात. देवमाशाएवढा व्हेल शार्क कधीतरी येतो, पण त्याच्या भरवशावर तिकीट काढू नये.

अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, हा मुक्कामाचा तळ. तिथली जॉनीज गॉर्ज ही जागा पांढऱ्या टोकाच्या रीफ शार्कसाठी प्रसिद्ध आहे. ती खोल आहे, २५ ते ३० मीटर, आणि करंटही असतो. म्हणजे पहिला कोर्स कालच संपवलेल्या माणसाची ती जागा नव्हे. अंदमानात भीती बाळगायचीच असेल तर ती खाऱ्या पाण्यातल्या मगरीची बाळगा. काही किनाऱ्यांवर मगरीच्या इशाऱ्याचे फलक लावलेले आहेत, ते सेल्फीपुरते नाहीत.

लक्षद्वीपला बंगाराम, कदमत या बेटांभोवती रीफ शार्क चांगले दिसतात. मात्र प्रवेशाचा परवाना लागतो, त्यामुळे आयत्या वेळी ठरवून जाता येत नाही. आणि हल्ली पुण्या-मुंबईचे बरेच डाइव्हर थेट मालदीवला जातात. तिथे २०१० मध्ये शार्क पकडायला बंदी घातली गेली आणि त्याचा परिणाम पाण्यात उतरल्या उतरल्या दिसतो. एका खाडीमुखात दहा-बारा करड्या शार्कची रांग पाहिल्यावर आपल्या किनाऱ्यावर काय उरलंय याचा अंदाज येतो.

ओळख पटवा, मग ठरवा

पाण्यात पुस्तक उघडता येत नाही, म्हणून चार-सहा खुणा डोक्यात ठेवा.

पांढऱ्या टोकाचा रीफ शार्क: सडपातळ, दीड मीटरच्या आसपास, पाठीवरच्या पराचं आणि शेपटीचं टोक पांढरं. दिवसा तो कपारीखाली किंवा वाळूवर चक्क पडून असतो. शार्क थांबला की मरतो असं आपण ऐकलेलं असतं. हा तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून फिरवतो, त्यामुळे आरामात थांबू शकतो. शिकार रात्री.

काळ्या टोकाचा रीफ शार्क: तेवढाच लांब, पराचं टोक शाई लावल्यासारखं काळं. उथळ पाण्यात, कधी कमरेइतक्या पाण्यातही फिरतो. स्वभावाने भित्रा. त्याच्याकडे तुम्ही पोहत गेलात तर पुन्हा दिसणार नाही.

करडा रीफ शार्क: अंगाने भरलेला, दीड ते दोन मीटर, शेपटीची मागची कड काळी. प्रवाह जिथे जोरात वाहतो तिथे, प्रवाळाच्या कडेला थव्याने राहतो. रीफ शार्कमध्ये याचा मान ठेवायचा, का ते पुढे येईलच.

नर्स शार्क आणि बांबू शार्क: तळाशी राहणारे, तोंडाजवळ लहान मिशा असलेले. बिबट्यासारख्या ठिपक्यांचा आणि लांबलचक शेपटीचा लेपर्ड शार्कही असाच वाळूवर पडलेला असतो. हे सगळे शांत. इतके शांत, की लोक शेपटीला हात लावतात. नर्स शार्क चावल्याच्या घटनांमध्ये बहुतेक वेळा माणसानेच आधी काहीतरी केलेलं असतं.

बुल शार्क: जाड मान, बोथट नाक, बारीक डोळे, अंगावर कुठलीही खूण नाही. खाडीत, नदीतही शिरतो. टायगर शार्क: चौकोनी डोकं, अंगावर उभे पट्टे, तीन-चार मीटर लांब. हे दोघं आपल्या नेहमीच्या डाइव्हच्या जागांवर सहसा भेटत नाहीत. भेटले तर वागण्याचे नियम बदलतात, आणि त्यांतला पहिला नियम म्हणजे गटाला नेणारा डाइव्ह मास्टर सांगेल ते.

आकाराच्या बाबतीत स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मास्कमधून पाण्यात पाहताना वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. म्हणजे दोन मीटरचा वाटलेला शार्क दीड मीटरचा निघतो. बोटीवर परतल्यावर तो तीन मीटरचा होतो, ते मात्र भिंगाचं काम नाही.

जाण्याआधीची तयारी

तुम्ही सर्टिफिकेटशिवायची ट्राय डाइव्ह करत असाल तर तुमचं काम सोपं आहे: इन्स्ट्रक्टरने तुमचा सिलिंडर धरलेला असतो, तुम्ही श्वास घेत राहायचं आणि तो दाखवेल तिकडे बघायचं. पुढचं सगळं सर्टिफाइड डाइव्हरसाठी आहे.

ओपन वॉटर कोर्सची मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्डची ३०. शार्कच्या बऱ्याचशा जागा या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात आहेत, म्हणून ॲडव्हान्स्ड करूनच जा. पण कार्डापेक्षा एक परीक्षा जास्त महत्त्वाची. पाच-सहा मीटर खोलीवर, हात छातीशी बांधून, फिन्स (पायात घालायची वल्ही) न हलवता एक मिनिट एकाच पातळीवर तरंगत राहता येतं का? येत नसेल तर शार्कचा विचार सोडा आणि आधी तेवढंच घोटा. जो डाइव्हर हात वल्ह्यासारखे मारतो, वर-खाली होतो, प्रवाळाला लाथा घालतो, त्याच्या आसपास कुठलाच शार्क रेंगाळत नाही. त्याची हवाही सगळ्यांत आधी संपते, आणि मग त्याच्यामुळे अख्ख्या गटाला वर यावं लागतं.

सामानात चमकणाऱ्या वस्तू काढून ठेवा. साखळी, कडं, मोठं घड्याळ, सगळं बोटीवर. धूसर पाण्यात चकाकणारी वस्तू माशाच्या खवल्यासारखी दिसते. फार विरोधी रंग, म्हणजे काळ्या सूटवर झगझगीत पिवळे फिन्स, शार्कच्या नजरेत लवकर भरतात असं अनेक अनुभवी डाइव्हर मानतात. स्वच्छ पाण्यातल्या रीफ डाइव्हसाठी यावर नवीन फिन्स घेण्याइतका खर्च मी करणार नाही. वर आल्यावर फुगवायचा सिग्नल बॉय, म्हणजे बोटीला दिसणारा तरंगता फुगा, आणि त्याची रीळ मात्र प्रत्येकाकडे हवीच, एका गटात एक असून भागत नाही. कॅमेरा दोरीने बीसीडीला, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जाकिटाला, अडकवलेला असावा. तो हातातून सुटला तर त्याच्यामागे जायची वेळ येऊ नये.

पाळी चालू असताना पाण्यात जावं का, हा प्रश्न मुली हळू आवाजात विचारतात, म्हणून इथे स्पष्टच सांगते. त्यामुळे शार्क येतो याचा कुठलाही पुरावा नाही. बरं वाटत असेल तर जा. भाल्याने मासे मारणाऱ्यांच्या जवळपास मात्र मुळीच डाइव्ह करू नका, आणि बोटीवरून कुणी माशांची घाण टाकत असेल तर तिथे उतरू नका. रक्ताळलेला, तडफडणारा मासा म्हणजे शार्कला धाडलेलं आमंत्रण.

डाइव्हआधी माहिती देतात त्या ब्रीफिंगमध्ये गप्प बसू नका. करंट कुठल्या दिशेने आहे, सिलिंडरमधला दाब किती बार उरला की परत फिरायचं, बडी हरवला तर किती वेळ शोधायचं, वर कुठे येणार, आणि इथे शार्कना खायला घालतात का, एवढं विचारून घ्या. शेवटच्या प्रश्नावर उत्तर टाळलं गेलं तर ते उत्तरच समजा.

पाण्यात उतरल्यावर

पृष्ठभागावर पाय आपटत वेळ काढू नका. सगळे तयार झाले की खाली जा. शार्कला कंप लांबून कळतात. अंगाच्या दोन्ही बाजूंनी त्याला पाण्यातली हालचाल जाणवणारी रेषा असते, आणि मंद, अनियमित फडफड त्याला जखमी माशासारखी वाटते. शिवाय नाकाभोवतीच्या बारीक छिद्रांतून त्याला सजीवांच्या अंगातली क्षीण वीजही जाणवते. तुम्ही त्याला पाहाल तेव्हा तुमची खबर त्याला केव्हाच लागलेली असते.

खाली पोहोचल्यावर दोन ठिकाणी नजर ठेवा: कपारींच्या खाली, आणि प्रवाळाची भिंत संपून निळं पाणी सुरू होतं त्या कडेला. बहुतेक नवे डाइव्हर नाकासमोरच्या माशांत गुंततात आणि शार्क पाठीमागून जातो. दर मिनिटाला एकदा मान वर करून चहूकडे बघायची सवय लावा.

दिसला. आता क्रमाने.

आधी बडीला खूण: पंजा उभा करून, अंगठ्याची बाजू कपाळाला टेकवून, पराच्या आकारात. ओरडायचं नाही, सिलिंडरवर ठणाठणा वाजवायचं नाही.

मग थांबा. जागच्या जागी. वाळू असेल तर तळाजवळ जा, भिंत असेल तर तिच्याकडे पाठ करा, पण प्रवाळावर टेकू नका. करंट असेल तर मेलेल्या खडकाला एका बोटाने धरा किंवा रीफ हूक लावा. अंग खाली ठेवा. उभा, हात पसरलेला माणूस आडव्या माणसापेक्षा मोठा आणि धोकादायक वाटतो.

श्वास. इथे सगळं अवलंबून असतं. शार्क बुडबुड्यांना बिचकतो, त्यामुळे काही जण श्वास रोखून धरतात. हे कधीच करायचं नाही. श्वास रोखून नकळत दोन मीटर जरी वर गेलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. उपाय असा की श्वास लांब आणि सावकाश सोडा, बारीक धारेने. नाडीही उतरते आणि बुडबुड्यांचा धडाकाही कमी होतो.

बडीच्या खांद्याला खांदा लावून राहा, आणि शार्कची जाण्याची वाट मोकळी ठेवा. त्याच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तुम्ही आणि समोर तुमचा मित्र कॅमेरा घेऊन, अशी कोंडी कधी होऊ देऊ नका. कपारीत झोपलेल्या शार्कच्या तोंडाशी जाऊन फोटो काढणं म्हणजे नेमकी हीच कोंडी.

आणि आता थांबून राहा. रीफवरचा शार्क ठरलेल्या वाटेने फिरतो. गेला तो बरेचदा वळसा घालून परत येतो, आणि तुम्ही हलला नसाल तर दुसऱ्या फेरीत जास्त जवळून जातो. मागे लागणाऱ्याला शेपटी दिसते, थांबणाऱ्याला डोळा.

मागे लागण्याचा हिशेब

हे आकडे एकदा कागदावर मांडून बघा, मग पटेल.

समजा तुम्ही १८ मीटरवर आहात आणि शार्क उतारावरून खाली गेला. तुम्ही त्याच्यामागे २५ मीटरवर पोहोचलात. तिथे दाब पृष्ठभागाच्या साडेतीनपट. पृष्ठभागावर शांतपणे मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथे ७० लिटर घेतो. पण तुम्ही शांत नाही आहात, जोरजोरात फिन्स मारताय. दुप्पट धरा, १४०. पाच मिनिटांत ७०० लिटर. आपल्याकडे वापरतात तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा, म्हणजे दाबाच्या काट्यावर साठहून जास्त बार खलास. निघताना ११० बार होते, ते आता ५० च्याही खाली आले. ज्या ५० बारना हात न लावता बोटीवर यायचं असतं, त्यांतूनच आता २५ मीटर वर चढायचं आहे.

दुसरा हिशेब वेळेचा. पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यानुसार पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं राहता येतं, २५ मीटरवर २९. तुम्ही अर्धा तास आधीच खाली काढलेला असेल तर डाइव्ह कॉम्प्युटरवर दिसणारी उरलेली मिनिटं भराभर घसरतात. आणि तिसरी गोष्ट, तुम्ही शार्ककडे बघत असता, कॉम्प्युटरकडे नाही.

म्हणून नियम सोपा ठेवा. शार्क खाली गेला तर तुम्ही तुमच्या खोलीवर. शार्क निळ्या पाण्यात गेला तर तुम्ही भिंतीपाशी. खूण केल्यानंतर लगेच स्वतःची हवा आणि खोली बघायची. माझ्यासोबत येणाऱ्यांना मी एवढी एक सवय बोटीवरच घोटून घ्यायला लावते: कपाळावर पंजा, मग नजर काट्यावर.

त्याच्या अंगावरून त्याचा मूड

नेहमीच्या चालीत शार्कची शेपटी सावकाश, मोठ्या लयीत हलते, पर आडवे पसरलेले असतात. तो एकदा वळून तुमच्याकडे येईल, काही मीटरवरून बघून जाईल. ही चौकशी आहे, त्यात काही वाईट नाही.

बिनसल्याची लक्षणं सर्वांत ठळकपणे करडा रीफ शार्क दाखवतो; १९७० च्या दशकापासून संशोधकांनी ती नोंदवलेली आहेत. छातीचे पर खाली झुकतात, पाठीला कमान येते, नाक वर उचललं जातं, आणि तो सबंध अंग डावीकडे-उजवीकडे झोकून, ताठरल्यासारखा पोहायला लागतो. कोंडी झाली किंवा कुणी अंगावर गेलं की हे दिसतं. ही तंबी आहे. ती न ऐकता पुढे सरकणाऱ्याला किंवा तेवढ्यात फ्लॅश मारणाऱ्याला तो चावू शकतो, चावलेलाही आहे, आणि मग क्षणात नाहीसा होतो.

हे दिसलं तर कॅमेरा खाली. पुढे जाणं बंद. त्याची वाट अडली असेल तर बाजूला व्हा. तोंड त्याच्याकडे ठेवून, भिंतीला धरून, सावकाश मागे सरका. पाठ फिरवून पळू नका. तुम्ही त्याच्याइतके वेगात पोहू शकत नाही, आणि फडफड मात्र भरपूर होते. गट एकत्र आला की डाइव्ह तिथेच संपवा.

एखादा फारच जवळ आला तर हात पुढे करायचा नाही. कॅमेऱ्याची चौकट किंवा फिन मध्ये धरा. बहुतेक वेळा तेवढ्याने तो वळतो. टायगर शार्कच्या बाबतीत नजर हटवू नका. तो समोर बघणाऱ्याला टाळतो आणि पाठमोऱ्याकडे वळतो, म्हणून बडीने विरुद्ध दिशेला लक्ष ठेवायचं. प्रत्यक्ष दात लागलेच तर नाजूक जागा म्हणजे डोळे आणि कल्ले, तिथे जोर लावायचा. हे वाक्य लिहावं लागतं म्हणून लिहिते आहे. आपल्या रीफवर ती वेळ येणं फार दुर्मीळ.

वर येताना

भिंत सोडून मोकळ्या पाण्यातून वर येतानाची काही मिनिटं सर्वांत उघडी. गट जवळ ठेवा, एकाने वर बघायचं, बाकीच्यांनी सभोवार. शार्क अजून फिरत असला तरी वेग वाढवायचा नाही: मिनिटाला ९ मीटर, आणि ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा. घाबरून वर उसळलेल्याला शार्कपेक्षा रक्तात तयार होणारे नायट्रोजनचे बुडबुडे जास्त नक्की गाठतात. शक्य असेल तर हा थांबा प्रवाळाच्या उथळ माथ्यावर घ्या, म्हणजे पाठीला आधार राहतो. सिग्नल बॉय खालूनच सोडा. वर आल्यावर गप्पा बोटीत चढून मारा.

खायला घालून दाखवलेले शार्क

मालदीवमध्ये फुवामुला बेटाजवळ टायगर शार्क जवळजवळ हमखास दिसतात, कारण तिथे ट्यूनाच्या डोक्यांची लालूच असते. वाव्हू अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे कड्यासारखा प्रवाळ बेटांचा समूह) अलिमथाला रात्रीच्या डाइव्हला नर्स शार्क अक्षरशः अंगावरून जातात. त्यांनाही वर्षानुवर्षं खायला मिळत आलं आहे. अनुभव थरारक असतो, नाही म्हणत नाही. पण पहिली भेट अशा ठिकाणी नको. अन्नाच्या वासाने आलेला शार्क आणि आपल्या वाटेने चाललेला शार्क वेगळे वागतात, आणि तो फरक कळण्यासाठी आधी दुसऱ्या प्रकारचे पुष्कळ पाहिलेले असावेत. गेलातच तर हात अंगाशी घट्ट, तळाशी स्थिर, आणि आमिषापासून वाहणाऱ्या प्रवाहाच्या रेषेत बसायचं नाही.

व्हेल शार्क भेटला तर

हा प्लवक आणि बारीक जीव गाळून खाणारा, जगातला सर्वांत मोठा मासा. धोका त्याच्यापासून इतकाच की शेपटीचा फटका बसू शकतो. अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर अंतर ठेवा, समोरून वाट अडवू नका, हात लावू नका, फ्लॅश बंद. भारतात तो २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पाठीवर बसून व्हिडिओ काढणं हा नुसता आगाऊपणा नाही.

गुजरातेत वेरावळच्या किनाऱ्यावर एकेकाळी याची मोठी शिकार व्हायची. २००४ पासून मोरारी बापूंच्या साथीने वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम चालवली आणि तिथले मच्छीमार जाळं कापून त्याला सोडू लागले. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. किनाऱ्यावर राहणारा कुणी ओळखीचा मच्छीमार असेल तर त्याला हे माहीत आहे का, एवढं विचारा.

चावलाच तर

पाण्यातून बाहेर काढणं पहिलं, आणि रक्त थांबवणं त्याच क्षणी. जखमेवर कापड दाबून धरा, उचलून बघत बसू नका. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर येणार नाही असा रुंद पट्टा घट्ट आवळा. वजनाचा पट्टा किंवा फिनचा पट्टा यापेक्षा खरा टूर्निके, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी आवळायचा तयार पट्टा, बोटीवर असलेला बरा. आवळल्याची वेळ लिहून ठेवा. वेटसूट ओढून काढू नका, तो दाब देत असतो. आडवं झोपवा, ऊब द्या, बोटीवर ऑक्सिजन असेल तर लावा. खायला-प्यायला काही नाही. अशा वेळी वर येतानाचा ५ मीटरवरचा थांबा (सेफ्टी स्टॉप) सोडला तरी चालेल, पण डॉक्टरांना खोली आणि वेळ सांगा. समुद्रातून मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, किनाऱ्यावर रुग्णवाहिकेसाठी १०८. बोटीवर प्रथमोपचाराची पेटी आणि ऑक्सिजन आहे का, हे निघण्याआधी बघून घ्या. पेटी उघडून बघा, नुसती आहे म्हणून सांगितलं की मान डोलावू नका.

नोंद

लॉगबुकात जात, अंदाजे लांबी (एक चतुर्थांश वजा करून), खोली, पाण्याचं तापमान, करंटची दिशा, तो काय करत होता आणि किती वेळ दिसला, एवढं लिहा. दोन-तीन हंगामांनंतर याच नोंदींतून कुठल्या भरती-ओहोटीला कुठली कपार बघायची ते कळायला लागतं. व्हेल शार्कचा फोटो मिळाला तर डाव्या बाजूने, कल्ल्यांच्या लगेच मागचा भाग घ्या. त्या जागेच्या ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते आणि संशोधक त्यावरून एकेक मासा ओळखतात. तोंडाचा फोटो सगळ्यांकडेच असतो.